फूल न तोडता

जैनाबाद हे नाव ऐकलं की आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, हे आपल्या समाजाचंच गाव असणार. तसं ते नाही. तापीच्या एका काठाला बऱ्हाणपूर आणि समोरच्या काठाला जैनाबाद. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नासिरखानानं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ही गावं वसवली आणि त्यांना दोन सूफी संतांची नावं दिली. शेख बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव बऱ्हाणपूरला, त्यांचे शिष्य शेख झैनुद्दीन यांचं झैनाबादला. लोकांच्या तोंडी झैनाबादचं जैनाबाद झालं. नुसत्या नावावरून वस्तू ओळखायला गेलं की कशी फसगत होते, याचं हे चांगलं उदाहरण. आज मला जी टीका करायची आहे तिचा मुद्दाही हाच आहे. आपण लहान मुलांना फळांची, फुलांची, बियांची नावं शिकवतो. ती बघायला शिकवत नाही.

जैनाबादची जुनी ओळख बागेची. इथे आहुखाना नावाची मोगलांची बाग होती. १६३१ साली मुमताज महल बऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली, तेव्हा तिला आधी याच बागेत दफन केलं. काही महिन्यांनी तिथून आग्र्याला नेलं. तरुण औरंगजेबाची एक गोष्टही जुन्या फारसी ग्रंथात आहे. याच बागेत फळांनी लगडलेल्या झाडाचा आंबा उडी मारून तोडणाऱ्या एका मुलीवर त्याचं मन बसलं, आणि पुढे ती ‘जैनाबादी’ म्हणूनच ओळखली गेली.

आता या भागात राज्य आहे ते केळीचं. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या नावासमोर केळीच आहे. पलीकडे महाराष्ट्राच्या हद्दीत रावेर, यावल, तिथेही केळीच. मृगबाग आणि कांदेबाग हे शब्द इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतात. आणि बाजारात मिळणारा, शाळाशाळांच्या भिंतींवर लागणारा ‘फळे’ नावाचा तक्ता बघा. पहिलं चित्र सफरचंदाचं. उभं कापलेलं, मधोमध काळ्या बिया. धडा सांगतो: फळाच्या आत बी असतं, बीपासून नवीन झाड होतं.

मग डब्यातलं केळं सोललं की त्या वाक्याचं मुलानं काय करायचं?

बहुतेक मुलं काहीच करत नाहीत. धडा हा धडा आणि केळं हे केळं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं ती फार लवकर शिकून घेतात. एखादी चौकस मुलगी विचारते, “बाई, केळ्यात बी कुठे असतं?” तिला बहुधा उत्तर मिळतं, “परीक्षेत ते येत नाही.” मला वाटतं, विज्ञान शिकवताना आपण करतो ते सगळ्यात मोठं नुकसान हेच. चुकीची माहिती पुढेमागे दुरुस्त होते. ‘डोळ्यांना दिसतं ते विचारायचं नसतं’ ही शिकवण मात्र जन्मभर पुरते.

खरं तर केळ्याइतका चांगला धडा सफरचंदात नाही. केळं हे फळच आहे, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं टोमॅटो-द्राक्षांच्या जातीचं. पण आपण खातो त्या केळ्यात बी धरत नाही. आत बारीक काळे ठिपके दिसतात ना, ती बी होता होता राहून गेलेली बीजांडं. कारण असं, की केळीच्या या जातींत पेशीतल्या गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. बी धरण्याआधी संचांची सारखी वाटणी व्हावी लागते, आणि ती इथे होत नाही. सात वर्षांच्या मुलाला गुणसूत्रं सांगू नका. तीन लाडू, दोन बहिणी आणि लाडू मोडायचा नाही, एवढं सांगा. वाटणी अडली, बी राहिलं. फळ मात्र परागकणांची वाट न बघता फुगतं.

मग नवी केळ येते कुठून? हे शेतातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. जमिनीखालच्या कंदाला मुनवे फुटतात, ते काढून लावायचे. आता टिश्यू कल्चरची रोपं मिळतात, तीही बीपासून नाही, रोपाच्याच एका तुकड्यातून वाढवलेली असतात. वर उभं दिसतं तेही खरं खोड नव्हे, एकावर एक गुंडाळलेल्या पानांचे देठ ते. आणि केळीला बी कधी नव्हतंच का? होतं. आजच्या केळीच्या रानटी पूर्वजांत टणक बिया असतात. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात येणारी रानकेळ ही केळीची चुलतबहीण. तिच्या फळात काळ्या, दगडासारख्या बिया भरलेल्या असतात आणि तिला मुनवे फुटत नाहीत, ती बीपासूनच उगवते. एकीकडे बी आहे तर गर थोडा, दुसरीकडे गर आहे तर बी नाही. माणसानं हजारो वर्षं गराच्या बाजूनं निवड केली.

याची किंमत काय, हाही याच धड्याचा भाग आहे आणि तो या भागातल्या मुलांच्या पोटाशी जोडलेला आहे. बीपासून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं असतं. मुनव्यापासून किंवा टिश्यू कल्चरनं आलेली बाग म्हणजे एकच केळ हजार वेळा उभी. एकीला जो रोग झेपत नाही तो कोणालाच झेपत नाही. जगभर विकली जाणारी ग्रो मिशेल नावाची केळी पनामा मर रोगानं १९५०-६०च्या सुमारास व्यापारातून जवळजवळ नाहीशी झाली. तिची जागा आजच्या कॅव्हेंडिश केळीनं घेतली, आणि आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवर आला आहे. बिहार, उत्तर प्रदेश, गुजरातबरोबर मध्य प्रदेशातही तो आढळला आहे. ज्या घरात बाग उपटून टाकावी लागते त्या घरातल्या मुलाला ‘बी कशाला हवं?’ या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून नको असतं. ते त्याच्या बांधावर असतं. ते तिथे आहे, हे दाखवणारं कोणीतरी हवं.

शाळेबद्दल बोलले, आता आपल्या पाठशाळेबद्दल बोलते. थोडं कडू लागेल, पण घरातल्या माणसांनीच ते बोलायला हवं.

फळ, फूल, बी यांच्याकडे आपल्या परंपरेइतकं बारकाईनं फार थोड्यांनी पाहिलं असेल. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसार रचला. त्यात वनस्पती कशापासून उगवतात यावरून त्यांचे प्रकार सांगितले आहेत: मूलबीज, अग्रबीज, पर्वबीज, कंदबीज, स्कंधबीज, बीजरुह. आलं-हळद मुळापासून, ऊस पेरापासून, सुरण कंदापासून, गहू-भात बीपासून. म्हणजे ‘बी म्हणजे फळातला दाणा’ एवढ्यावर न थांबता, ज्यापासून नवा जीव उगवतो ते सगळंच बीज, असं तिथे म्हटलं आहे. केळीला या यादीत कुठे बसवायचं, हा प्रश्न पाठशाळेतल्या आठ वर्षांच्या मुलीला विचारून बघा. ती दोन मिनिटांत ‘कंदबीज’ म्हणेल आणि तिला ते कायमचं समजेल. पण असा प्रश्न आपण विचारत नाही. आपण यादी पाठ करून घेतो, बक्षीस म्हणून पेन्सिल देतो आणि पुढच्या यादीकडे वळतो.

तसंच पंच उदुंबरांचं. अमृतचंद्रांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्य, मांस, मध यांच्याबरोबर वड, पिंपळ, उंबर वगैरे पाच फळांचा त्याग सांगितला आहे, कारण त्यांत त्रस जीव असतात. आपल्या मुलांना पाच नावं येतात. ते जीव तिथे काय करतात, हे किती मुलांना ठाऊक आहे? मराठीत क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल झालास की’ म्हणतो, कारण उंबराला फूल दिसत नाही. फूल नसतं असं नाही. उंबर ज्याला आपण फळ म्हणतो तीच आतून फुलांनी भरलेली पिशवी असते, शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून. टोकाच्या चिमुकल्या भोकातून एक इवलीशी माशी आत शिरते, अंगावरचे परागकण तिथे देते आणि काही फुलांत अंडी घालते. पिलं आतच वाढतात. बिनपंखांचे नर बाहेर पडायला वाट कोरतात आणि परागकण घेऊन माद्या दुसऱ्या उंबराकडे उडून जातात. हीच आपली उंबरातली केंबरं. ती नसतील तर उंबराला बी नाही, आणि झाड नसेल तर त्यांना घर नाही.

आपल्या पूर्वजांनी उंबर फोडून पाहिलं, आत जीव दिसले, आणि खायचं नाही असं ठरवलं. आधी पाहणं, मग करुणा, मग नियम, असा हा क्रम आहे. आपण मुलांना फक्त शेवटची पायरी देतो. मग मूल पंधरा वर्षांचं झालं, वसतिगृहात गेलं, की विचारतं, “हे सगळं कशाला?” आणि आपल्याकडे उत्तर नसतं. कारण पहिली पायरी आपणही कधी चढलेलो नसतो.

बहुबीजाचंही तसंच आहे. “वांग्यात बिया फार म्हणून नको, तर डाळिंब कसं चालतं?” हा प्रश्न न विचारलेलं जैन मूल मला भेटायचं आहे. आपण त्याला गप्प करतो. परंपरेतलं एक स्पष्टीकरण असं, की डाळिंबात दाण्यांच्या मधे पडदे आहेत, घरं वेगळी आहेत. वांग्यात बिया गरात मोकळ्या रुतलेल्या आहेत. पटो न पटो, हे स्पष्टीकरण देणाऱ्यानं दोन्ही फळं कापून आत नीट पाहिलं होतं एवढं नक्की. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना पुढे कॉलेजात हेच बघावं लागतं: फळाला कप्पे किती, बी कुठे चिकटलेलं. आपल्या मुलांना ते विळीशी बसून सहाव्या वर्षी बघता येईल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या ग्रंथांत आहे ते सगळं आजच्या विज्ञानाला मान्य आहे, असा टेंभा मिरवणं बरं नाही. गोम्मटसाराच्या त्याच यादीत सम्मूर्च्छिम वनस्पतीही आहेत, कुठल्याही ठरावीक बीजावाचून, माती-पाण्याच्या संयोगानं उगवणाऱ्या. पहिल्या पावसात मोकळ्या जमिनीवर गवत येताना पाहिलं की असंच वाटतं. आजचं विज्ञान म्हणतं, गवताचं बी मातीत आधीच होतं आणि शेवाळाचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू हवेतून, पाण्यातून आले. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो तो पक्ष्याच्या विष्ठेतून आलेल्या बीपासून. मुलांना दोन्ही सांगावं. तेव्हाच्या लोकांना साध्या डोळ्यांनी काय दिसलं आणि आज भिंगानं काय दिसतं. यानं श्रद्धेला धक्का बसतो असं मला वाटत नाही. उलट प्रश्न दाबून टाकले की श्रद्धा पोकळ होते.

काही गोष्टी तर मुलांना स्वतः ताडून बघता येतील. भगवतीसूत्रात साठवलेल्या धान्याची उगवणशक्ती किती टिकते याचा हिशेब दिला आहे: भात, गहू, जव तीन वर्षं, मसूर, तीळ, मूग, उडीद, कुळीथ पाच वर्षं, जवस, करडई, कोद्रू, मोहरी सात वर्षं. हा हिशेब ज्यांनी केला त्यांनी कणगीतलं धान्य वर्षानुवर्षं पेरून पाहिलं असणार असं मला वाटतं. आणि जगात याच्या पलीकडलंही घडतं. इस्रायलमध्ये मसादाच्या जुन्या किल्ल्यात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजली. कोरड्या हवेनं ती जपली होती. आजीच्या डब्यातलं जुनं बियाणं रुजेल की नाही, यावर घरात पैज लागली तर तो विज्ञानाचा तास झाला म्हणून समजा.

आता आपल्या बायकांचा खास मुद्दा. परसातल्या भोपळ्याच्या, दोडक्याच्या, कारल्याच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. काहींच्या मागे इवलंसं फळ आधीच दिसतं, भोपळ्याच्या फुलामागे चिमुकला भोपळा. ती मादी फुलं. बाकीच्यांचा देठ नुसता बारीक, त्यांच्यामागे काही नाही. ती नर फुलं. पुष्कळ घरांत त्या दुसऱ्या फुलांना ‘वांझ फुलं’ म्हणतात. फळ धरत नाही ना, मग वांझ. नर फुलाला बाईचा शब्द लावायचा, आणि तोही कुठला, तर ज्या शब्दानं आपल्या कितीतरी बहिणींचं आयुष्य जाळलं तो. खरं काय? ती नर फुलं नसतील आणि त्यांचे परागकण मधमाशीनं मादी फुलावर आणले नाहीत, तर मागचा चिमुकला भोपळा पिवळा पडून गळून जातो. फळ धरायला दोघं लागतात. मूल झालं नाही की एकटीकडे बोट दाखवणाऱ्या समाजात ही गोष्ट वेलाशी उभं राहून सहा वर्षांच्या मुलाला, हो, मुलालाही, सांगितली पाहिजे. पपईच्या बागेत नर झाड, मादी झाड हे शब्द आपण बिनदिक्कत वापरतो. मग मुलांसमोर लाजायचं कशाला?

पुन्हा शाळेकडे येते. तिथे फुलांचा धडा कसा घेतात? फूल तोडून आणा, पाकळ्या वेगळ्या करा, वहीत चिकटवा, नावं लिहा. आपल्या मुलांची इथे कोंडी होते. पाठशाळेत सांगितलेलं असतं, फूल हा एकेंद्रिय जीव, उगाच तोडू नये. शाळा म्हणते तोड, पाठशाळा म्हणते हात लावू नको. काही आया गुपचूप बाजारातून फूल आणून देतात आणि विषय मिटवतात.

मला वाटतं, इथे आपली शिकवण शाळेला काही देऊ शकते. तोडलेल्या फुलाचं फळ होताना कोणालाच दिसत नाही. फुलाचं सगळ्यात महत्त्वाचं काम फळ धरणं, आणि शाळेचा धडा ते काम सुरू होण्याआधीच फूल खुडतो. वहीत चिकटवलेलं जास्वंद दोन दिवसांत काळं पडतं आणि मुलाच्या मनात फूल म्हणजे पाच नावं एवढंच उरतं. तेच फूल वेलावर ठेवून पंधरा दिवस रोज पाहिलं तर? पाकळ्या कधी गळाल्या, मागचा भाग कधी फुगला, कोणती माशी आली, कोणतं फूल नुसतंच गळालं. यात जीव दुखावला जात नाही आणि शिकणं दसपट होतं. ज्यांना हातात घेऊनच बघायचं असेल त्यांनी खाली पडलेला प्राजक्त उचलावा. स्वयंपाकघरात चिरायला आलेली भेंडी, सोललेला मटार, कापलेली पपई हे तर रोजचंच आहे. जिथे केळफुलाची भाजी होते तिथे एकेक फूल सोडवून आतली कडक काडी आणि पातळ पापुद्रा काढायचं काम मुलाला द्या. ती काडी म्हणजे काय, हे त्याला पुढे पुस्तकात भेटेल तेव्हा तो म्हणेल, “ही तर आमच्या घरची.” आणि बी रुजताना बघायला मोड आणवायचेच असं कुठे आहे? ज्या घरी मोड चालत नाहीत त्यांनी जूनमध्ये उकिरड्यावर जावं. टाकून दिलेल्या आंब्याच्या कोयी आपोआप फुटलेल्या असतात.

हे सगळं मी नवं सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, पानं, फुलं, बिया, शिंपले हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नव्हती तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव असलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. आज त्याच अंगणवाडीच्या भिंतीवर सफरचंदाचं चित्र रंगवलेलं असतं आणि बाहेर चिंचेचं झाड असतं, ज्याच्याकडे कोणी बघत नाही.

मध्य प्रदेशातही असाच एक प्रयोग झाला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू झाली. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी ती सुरू केली आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेनं पुढे नेली. मुलं शेतात जायची, झाडं, पानं, बिया पाहायची, स्वतः प्रयोग करायची, आपल्या शब्दांत लिहायची. परीक्षेलाही पुस्तक उघडून बसता यायचं, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. तीस वर्षं ती शेकडो शाळांत चालली आणि २००२ साली सरकारनं ती बंद केली. घोकंपट्टीला कोणी बंदी घातली नाही. ती आपोआप चालू राहिली.

पाठ्यपुस्तकांवर सगळा दोष टाकणंही न्यायाचं नाही. एनसीईआरटीच्या ‘आस-पास’ या पाचवीच्या पुस्तकात बियांवरचा धडा चांगला होता. तीन वाट्यांत हरभरे ठेवायचे, एकीत भरपूर पाणी, एकीत ओला कापूस, एकीत काहीच नाही, आणि काय होतं ते बघायचं. कपड्याला चिकटणाऱ्या बियांवरून वेल्क्रोची कल्पना कशी सुचली, हेही त्यात होतं. पण या धड्याचीही कुंजी निघाली. कुंजीत तिन्ही वाट्यांची उत्तरं छापलेली. मग वाटी कोण ठेवतो? चांगला धडा वाईट तऱ्हेनं कसा शिकवता येतो, हे पाहायचं असेल तर कुंजी उघडावी. आणि ती विकत कोण आणतं? आपणच. गुण कमी पडतील या भीतीनं.

कोणी म्हणेल, आयांना वेळ कुठे आहे? खरं आहे. पण यासाठी वेगळा वेळ नकोच आहे. आपण धान्य निवडतो, भाजी चिरतो, पाणी गाळतो, फळ कापण्याआधी आत कीड आहे का बघतो. आपल्या घरातल्या बाईइतकं फळ उलटसुलट करून बघणारं माणूस प्रयोगशाळेतच सापडेल. फक्त ते बघताना आपण मुलाला म्हणतो, “बाजूला हो, काम करू दे.” त्याऐवजी “ये, बघ” म्हणायचं. आपल्याला उत्तर आलं नाही तरी बिघडत नाही. दोघांनी मिळून शोधावं.

पाठशाळेच्या शिक्षिकांना एकच विनंती आहे. येत्या चातुर्मासाच्या परीक्षेत एक प्रश्न बदलून बघा. ‘पंच उदुंबरांची नावे लिहा’ याऐवजी असं विचारा: उंबराच्या झाडाखाली जा, खाली पडलेलं एक उंबर उचला, त्यावर भोकं किती आहेत, ती कोणी पाडली असतील, आणि तुम्ही ते उंबर का खाणार नाही, हे तुमच्या शब्दांत लिहा. नावं ज्याला यायची त्याला येतीलच.